हल्ल्यातून वाचलेल्यांना लगेच प्रश्न विचारावेत का?

रानवारा:
दहशतवादी हल्ला झाला की काही आठवड्यांतच संशोधक प्रश्नावल्या घेऊन वाचलेल्यांपर्यंत पोचतात. झोप लागते का, दचकता का, तेच दृश्य पुन्हा दिसतं का? मला हे अजिबात पटत नाही. आधी उपचार द्या, अभ्यास नंतर. घटनेनंतर लगेच एका बैठकीत सगळं बोलायला लावायची पद्धत एके काळी सर्रास होती. त्याने पीटीएसडी (आघातानंतर मागे राहणारा मानसिक आजार) टळत नाही, काहींचा त्रास उलट वाढतो, हे पुढे दिसून आलंच ना!

तळटीप:
ते डीब्रीफिंग, उपचार म्हणून केलेलं. आणि ते निरुपयोगी आहे हे कळलं तेही अभ्यासांमुळेच. न्यूयॉर्कचं बघा. २००१च्या हल्ल्यानंतर आठवड्याभरातच सरकारी यंत्रणेने हवा सुरक्षित असल्याचं सांगून टाकलं. इकडे कोसळलेल्या मनोऱ्यांच्या ढिगाऱ्यावर, धुळीत राबलेल्यांचा खोकला हटेना, दमा जडला. पुढे आरोग्य नोंदवहीत ७१ हजारांहून जास्त लोकांनी नाव घातलं आणि वर्षानुवर्षं त्यांचा पाठपुरावा झाला. अशा नोंदी नसत्या, तर प्रत्येकाला आपला आजार एकट्याने सिद्ध करत बसावं लागलं असतं. या लोकांच्या उपचारांसाठीचा अमेरिकेचा झाड्रोगा कायदा २०१०चा, त्यातल्या आजारांच्या यादीत कॅन्सर आले २०१२मध्ये. इतका उशीर नोंदी असूनही झाला!

रानवारा:
धुळीचं मान्य. पण फुप्फुसांची तपासणी करताना कुणाला तो दिवस पुन्हा जगावा लागत नाही. मनाची तपासणी तशी होत नाही. त्यात एकाच माणसाकडे तीन वेगवेगळी पथकं जाऊन तेच विचारणार.

सांजपक्षी:
नॉर्वेत २०११मध्ये उटोया बेटावर ६९ जणांना मारलं, बहुतेक कोवळी मुलं. वाचलेल्यांच्या पहिल्या मुलाखती चार-पाच महिन्यांनी, समोरासमोर बसून झाल्या. ज्याला मदत कमी पडत होती, त्याला मुलाखत घेणाऱ्यांनीच पुढची वाट दाखवली. असा अभ्यास मला मान्य आहे. नुसता कागद भरून घेऊन निघून जाणारा नाही.

तळटीप:
चार महिने थांबलं तर सुरुवातीची अवस्था कशी होती हे कायमचं हुकतं. निदान नाव, फोन नंबर आणि कोण किती जवळ होतं एवढं पहिल्या आठवड्यात टिपावंच. मनाचे प्रश्न नंतर विचारा.

रानवारा:
आणि ती यादी मालकाच्या किंवा विमा कंपनीच्या हाती लागली तर? आधी ते बंद करा, मग नाव मागा.