विनोदी अभिनयाची बक्षिसं माझ्या हातात असती, तर पहिलं समोरच्या माणसाला

दांडियाबाजार_वाडा

लेकीकडे न्यू जर्सीला गेलो होतो, तेव्हा तिनं 'हॅक्स' नावाची मालिका दाखवली. स्टेजवर हयात घालवलेली एक विनोदी कलाकार आणि तिच्यासाठी विनोद लिहिणारी एक तरुण मुलगी, अशा दोघींची गोष्ट. मोठ्या बाईचं काम करणाऱ्या जीन स्मार्टला त्यासाठी चार वेळा एमी, म्हणजे अमेरिकेतलं टीव्हीचं मोठं बक्षीस, मिळालं. तिच्यासमोर उभ्या राहणाऱ्या हॅना आइनबाइंडरला मात्र नुसती नामांकनं मिळत गेली, बक्षीस आलं ते २०२५ साली. लेक म्हणाली, "बाबा, उशिरा का होईना, दिलं." आपल्याकडे उशिरासुद्धा देत नाहीत. हे तेव्हापासून मनात घोळतंय, म्हणून आज माझी यादी इथे मांडतो. टीव्हीवरचा विनोद, हिंदी किंवा मराठी, साल कुठलंही चालेल. पण पहिलं बक्षीस हशा घेणाऱ्याला नाही, त्याला हशा मिळवून देणाऱ्याला.

पहिलं नाव बाळ कर्वे. 'चिमणराव-गुंड्याभाऊ' लागायचं तेव्हा बडोद्यात मुंबई दूरदर्शन दिसायचं नाही. मे महिन्यात गिरगावात मामाकडे जायचो, तेव्हा शेजारच्यांच्या खोलीत सगळी चाळ दाटीवाटीनं बसून कृष्णधवल पडद्यावर ते बघायची. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव घाबरतोय, सारवासारव करतोय, पुन्हा फसतोय. आणि शेजारी तो आडदांड गुंड्याभाऊ उभा. तो भक्कम उभा असतो म्हणून चिमणरावाचं डळमळणं दिसतं. लोक घरी जाताना चिमणरावाची नक्कल करायचे, गुंड्याभाऊची कुणी करायचं नाही. २०२५च्या ऑगस्टमध्ये बाळ कर्वे गेले. आणि हा गुंड्याभाऊ आपल्या गावाला परका नाही. त्याला कागदावर जन्म देणारे चिं. वि. जोशी बडोदा कॉलेजात पाली शिकवायचे, संस्थानच्या दप्तरखान्यातही होते.

दुसरं नाव 'खिचडी'तले बाबूजी, अनंग देसाई. त्यांची सून हंसा एखाद्या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारते, मुलगा प्रफुल्ल ठामपणे भलताच सांगतो, आणि मग कॅमेरा बाबूजींवर येतो. त्या दोन सेकंदांत ते काय करतात ते बघा. तिसरं नाव 'साराभाई'तला साहिल, सुमीत राघवन. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बायको, समोर वडील आग लावतायत, आणि त्या घरात शहाणं राहायची जबाबदारी या एकट्यावर. शिवाय 'वागळे की दुनिया'तल्या भारती आचरेकर, जुन्या आणि नव्या दोन्ही.

आणि एक नाव कुणाच्या लक्षात नसेल. 'हम पाँच'मध्ये अशोक सराफांच्या पहिल्या बायकोचं काम प्रिया तेंडुलकर यांनी केलं होतं. ती बाई वारलेली, भिंतीवरच्या तसबिरीतून बोलायची. ज्या नटीनं 'रजनी' होऊन देशभरातल्या ऑफिसांत टेबलं दणाणून सोडली होती, तिला इथे हात नाहीत, चालणं नाही. एक चौकट आणि चेहरा. तेवढ्यात तिनं संसार उभा केला.

हे मी एवढ्या जोरानं का म्हणतो ते सांगतो. १९८९च्या गणपतीत आमच्या मंडळाच्या एकांकिकेत मला दुय्यम काम होतं. मित्राचं वाक्य संपायच्या शेवटच्या शब्दावर मी टेबलावरचा पेला उचलला. पाणी प्यायचं होतं ते त्याच्या वाक्यानंतर. मांडवातली सगळी नजर पेल्याकडे गेली आणि हशा आलाच नाही. विंगेत दिग्दर्शक एवढंच बोलले, "त्याचा लाफ्टर तू खाल्लास." दुसऱ्या प्रयोगाला दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. तेच वाक्य, तीच जागा, आणि मांडव हसला. त्या दिवशी कळलं की विनोदात न हलणं हेसुद्धा काम असतं, आणि ते शिकावं लागतं.

अलकापुरी_स्वाती

काका, पेल्याचा किस्सा वाचून अंगावर काटा आला. पण बाबूजींना बक्षीस देऊन हंसाला मागे बसवणं मला अजिबात पटलं नाही.

हंसा मूर्ख आहे, पण आपण मूर्ख आहोत हे तिला ठाऊक नाही. सुप्रिया पाठक यांना ते पूर्ण ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असणं त्या डोळ्यांत एकदाही येऊ देत नाहीत. आपल्याकडची भोळी पात्रं बघा. दहातली नऊ प्रेक्षकांकडे बघून, 'बघा, किती वेडी आहे मी' अशी करतात. हंसा प्रश्न विचारते तो खरोखर उत्तर हवं म्हणून. उत्तर मिळालं की तिचं समाधान होतं, चेहरा सैल पडतो. ते समाधान खरं असतं म्हणून बाबूजींचा संताप खरा वाटतो. हंसा काढून घेतली तर बाबूजी म्हणजे चिडका म्हातारा उरतो. बाबूजी काढून घेतले तरी हंसा उरतेच.

माझ्या यादीत एकच मोठं बक्षीस आहे आणि ते दोघी बहिणींना मिळून. दीना पाठक यांच्या दोन मुली. एक हंसा, दुसरी माया साराभाई, रत्ना पाठक शाह. गुजराती रंगभूमीवरच्या एका थोर बाईच्या घरातून एक सगळ्यात अडाणी आणि एक सगळ्यात तोऱ्यातली बाई आली. मायाची भुवई उचलण्याआधी मान किती इंच वळते हे मी मोजत बसले आहे एकेका भागात. माझ्या सासूबाई गुजराती, मी मराठी. आमच्या घरात या दोघींवर जेवढं एकमत आहे तेवढं वरणात गूळ घालण्यावर अजून झालेलं नाही.

रावपुरा_जोशी

दोघांशीही असहमत. तुम्ही निवडक प्रसंग काढून बोलताय. एमीत तसंच चालतं, नट वर्षभरातला आपला एक भाग पाठवतो. त्यांच्याकडे सीझनला आठ-दहा भाग असतात, तिथे ते शोभतं. आपल्याकडचा विनोदी नट रोज उभा राहतो.

'तारक मेहता' २८ जुलै २००८ला सुरू झालं, ४०००च्या वर भाग झाले. दिलीप जोशी त्यात पहिल्या दिवसापासून जेठालाल आहेत. एक प्रसंग घ्या, हजार वेळा बघितलेला. जेठालाल कुणावर तरी तावातावानं ओरडतोय. आतून बापूजींची, म्हणजे वडिलांची, हाक येते. एका श्वासात आवाज खाली, खांदे खाली, हात जोडलेले, तोंडात "जी बापूजी". मी दर वेळी हसतो. आणि बापूजींचं काम करणारे अमित भट्ट वयानं दिलीप जोशींपेक्षा लहान! आपल्याहून लहान माणसापुढे इतकी वर्षं मुलगा होऊन थरथरायचं, आणि एकदाही खोटं वाटू द्यायचं नाही. याला बक्षीस नाही तर कशाला?

हा माणूस गुजराती नाटकांत घासून निघालेला आहे, हेही आपल्या गावानं विसरू नये. आपण महात्मा गांधी नगरगृहात मराठी प्रयोगाला जातो तसे गुजरातीलाही जातो. त्या नटांचा श्वास किती लांब असतो ते आपल्याला ठाऊक आहे.

दांडियाबाजार_वाडा

स्वाती, 'बाबूजी काढले तरी हंसा उरते' हे मला मान्य नाही. हंसा-प्रफुल्ल दोघंच खोलीत असतात ते प्रसंग आठवा. छान असतात, पण हशा तिसरा माणूस आत आल्यावर फुटतो. त्या घरात आपण प्रेक्षक म्हणजे बाबूजी असतो.

जोशी, वर्षानुवर्षं टिकणं ही मोठी गोष्ट आहे, पण ती सहनशक्ती. तिच्यासाठी वेगळा सत्कार करू, शाल देऊ, नारळ देऊ. अभिनयाचं बक्षीस मी जेठालालला देईन ते पहिल्या दोन-तीन वर्षांसाठी. तेव्हा दर आठवड्याला तो काहीतरी नवं शोधत होता. आणि तुमच्याच प्रसंगात हाक कोण मारतं? अमित भट्ट. नुसती हाक, तीही आतल्या खोलीतून. माझ्या यादीत आणखी एक नाव घातलंत तुम्ही.

मांजलपूर_मुलगी

सगळ्यांची नावं आदरानं वाचली. पण या धाग्यावर २०१०नंतर टीव्ही बंद पडला का?

सतीश शाह यांनी १९८४मध्ये 'ये जो है ज़िंदगी'त दर भागाला नवा माणूस उभा केला, म्हणून आपण चाळीस वर्षं कौतुक करतोय, आणि करायलाच हवं. २५ ऑक्टोबर २०२५ला ते गेले तेव्हा आमच्या घरी रात्री उशिरापर्यंत 'साराभाई' चालू होतं. पण तेच काम नम्रता संभेराव 'हास्यजत्रे'त करतेय, समीर चौघुले करतायत. दहा-बारा मिनिटांचं स्किट, समोर परीक्षक, पुन्हा घ्यायला फारशी जागा नाही. नम्रताची लॉली बघा. आवाज वेगळा, चालण्याचा तोल वेगळा, आणि पुढच्या स्किटमध्ये त्यातलं काहीही शिल्लक नाही. मी कॉलेजात एकांकिका करते. एक पात्र बसवायला आम्हाला दीड महिना लागतो.

काका, तुमचा नियम लावला तरी स्किटवालेच जिंकतील. समीर चौघुले आणि विशाखा सुभेदार यांची जोडी आठवा. कोण पंच मारतंय आणि कोण फीड देतंय हे एका वाक्यात चार वेळा बदलायचं. तुमचं बक्षीस तिथे कुणाला द्याल?

सुभानपुरा_देशपांडे

मी शाळेत शिकवते. मला बक्षिसापेक्षा एका अटीबद्दल बोलायचं आहे.

काही वर्षांपूर्वी एका विनोदी कार्यक्रमात एका बाईच्या जाडेपणावर सलग विनोद झाले. दुसऱ्या दिवशी माझ्या सातवीच्या वर्गात मुलांनी एका मुलीला त्याच शब्दानं हाक मारली. ती मुलगी छान गायची. त्यानंतर तिनं स्नेहसंमेलनात भाग घेतला नाही, स्टेजवर यायला तयारच झाली नाही. मी घरी जाऊन तिच्या आईशी बोलले, वर्गात बोलले, काही उपयोग झाला नाही.

म्हणून माझी अट अशी. रंग, जाडी, टक्कल, आणि साडी नेसलेला पुरुष, एवढंच भांडवल असलेल्या कामाला नामांकनही नको. साडी नेसून एखाद्या नटानं खरी बाई उभी केली तर जरूर द्या. पण साडी हाच विनोद असेल तर तो अभिनय नाही. 'चला हवा येऊ द्या'त मला सगळ्यात जास्त काय आठवतं? सागर कारंडे पोस्टमनच्या वेशात अरविंद जगताप यांनी लिहिलेलं पत्र वाचायचे, ते. हसवणारा माणूस स्तब्ध उभा राहून वाचतोय आणि समोर भाऊ कदम, कुशल बद्रिके हसायचं विसरून ऐकतायत. वाडाकाका, तुमच्या यादीत हे बसतं.

मांजलपूर_मुलगी

देशपांडे मॅडम, त्या मुलीचं वाचून फार वाईट वाटलं. तरी अट सरसकट नको. वनिता खरातनं आपल्या शरीराबद्दल उघडपणे आणि अभिमानानं भूमिका घेतली आहे. ती स्वतः तिच्या आकारावर विनोद करते तेव्हा तो तिच्या हातात असतो. तिला नामांकनातून बाहेर ठेवलं तर शिक्षा तिलाच होईल. लिहिणाऱ्याला आडवा ना.

सुभानपुरा_देशपांडे

विनोद कुणाच्या हातात आहे हे सातवीतल्या मुलांना कळत नाही, बाळा. त्यांच्या कानावर शब्द तेवढा पडतो. माझी अट मी मागे घेत नाही.

फतेगंज_नाटकवेडा

हे सगळं ठीक, पण बक्षीस देणार कोण? राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत मालिका बसत नाहीत. मराठी वाहिन्या सोहळे करतात ते आपापल्या मालिकांचे, तिथे शेजारच्या वाहिनीवरचा नट कितीही मोठा असला तरी यायचा नाही. एमीत अभिनयाची निवड नटमंडळीच करतात. तसं झालं तर वाडाकाकांची यादी खरी ठरेल, कारण समोरच्यानं लाफ्टर कसा जपला ते नटालाच कळतं. प्रेक्षकांच्या मतांवर ठेवलं तर दर वर्षी जेठालाल.

रावपुरा_जोशी

प्रेक्षकांनी जेठालालला दिलं तर ती चूक कशी?

वाडासाहेब, पहिल्या दोन-तीन वर्षांपुरतं हे मला मान्य नाही, आणि तुमच्याच नियमानं सांगतो. जेठालालच्या बायकोचं, दयाचं, काम करणाऱ्या दिशा वाकाणी २०१७पासून मालिकेत नाहीत. दया येणार, येणार म्हणून घर सजवायचं, दाराकडे डोळे लावायचे, आणि ती येत नाही, असे प्रसंग त्यानंतर कितीतरी झाले. तुम्ही म्हणता समोरचा माणूस विनोद धरतो. इथे समोरचा माणूसच नाही. रिकाम्या दाराकडे बघून दिलीप जोशींनी चेहऱ्यावर दया आणली, आणि ती आली नाही तेव्हा घर ओकंबोकं झालेलं दाखवलं. हसू आणि कळ एकदम. माझी बायको त्या भागाला उठून स्वयंपाकघरात गेली होती.

हे काम पहिल्या दोन वर्षांतलं नाही. नऊ वर्षं समोर दया होती, म्हणून तिची जागा रिकामी दाखवता आली.

दांडियाबाजार_वाडा

जोशी, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ते भाग मी पाहिलेले नाहीत, तोवर बघणं सुटलं होतं. कुठल्या सालचे ते कळवा, आज रात्रीच बघतो.

मांजलपूर, समीर-विशाखा जोडीला एकच बक्षीस, दोघांत. पोस्टमन घेतला. देशपांडे बाईंच्या अटीवर मी त्यांच्या बाजूनं आहे.

स्वाती, हंसा मुख्य, बाबूजी सहायक असं करता येईल का याचा विचार करतोय. बाळ कर्व्यांचं नाव मात्र वरच राहील.

अलकापुरी_स्वाती

सहायक नाही चालणार, काका. दोघांना शेजारी शेजारी खुर्च्या द्या, म्हणजे ती त्यांना 'सहायक'चा अर्थ विचारेल.