अनुभव धागा: प्रश्न मांडायला आणि नेमकं सांगायला कसं शिकवता?

भूमितीत सिद्धतेआधी 'पक्ष' आणि 'साध्य' लिहावं लागतं. माझी दहावीची मुलं या दोन ओळी मार्कांपुरत्या खरडतात आणि थेट सिद्धतेला भिडतात. म्हणून गेल्या वर्षीपासून आठवड्यातला एक तास फक्त पक्ष-साध्याचा ठेवलाय, शाब्दिक उदाहरणांसाठीसुद्धा. काय दिलंय, काय काढायचंय, एवढंच बोलायचं. उत्तर काढायचंच नाही. तिसऱ्या आठवड्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, वेग दिलाय, पण अंतर कुठंय?" टाइप करताना राहून गेलं होतं. बाकीची मुलं तोवर आकडेमोडीला लागलीसुद्धा होती.

तुमचे अनुभव लिहा. जे फसलं तेही लिहा.

*

मी झेडपी शाळेत विज्ञान शिकवते. प्रदर्शनात दरवर्षी 'पाणीटंचाई: समस्या व उपाय', थर्माकोलच्या मॉडेलसकट. एकदा मुलांना विचारलं, टंचाई कुणाला? कधीपासून? मोजायची कशी? बराच वेळ कुणी बोलेना. मग एक जण म्हणाला, "मॅडम, उन्हाळ्यात आईला पंपावर लई वेळ लागतो." त्यातून प्रश्न निघाला: वस्तीवरच्या हातपंपावर एक हंडा भरायला किती हापसे लागतात? पंप तोच, हंडा तोच, दर रविवारी सकाळी सातला. जानेवारीत 50 च्या आसपास, एप्रिलच्या मध्याला 130.

खरी अडचण पुढे आली. मुलांनी तक्त्यावर लिहिलं, "सदर अभ्यासातून असे निदर्शनास येते की..." ही भाषा आम्हीच त्यांना लावलेली. पंपावरच्या एका आजींना वाचून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "म्हंजी काय रं?" मुलांनी तक्ता खोडून नव्याने लिहिलं: 'जानेवारीत एका हंड्याला 50 हापसे. एप्रिलात 130.' आजी लगेच म्हणाल्या, "आन् मे राहिला की!" मग मेमध्येही मोजलं.

*

नर्सिंग कॉलेजला शिकवते. नवीन मुलगी रात्री डॉक्टरांना फोन करते, "सर, पेशंटला बरं वाटत नाहीये." पलीकडून, "कोणता पेशंट?" की फाइल शोधायला पळापळ.

आम्ही 'एसबार' शिकवतो: आत्ता काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवंय. ही पद्धत अमेरिकी आरमाराच्या अणुपाणबुड्यांवरून रुग्णालयांत आली. सराव करताना दोघींना पाठीला पाठ लावून बसवते, कारण फोनवर हातवारे दिसत नाहीत. "सर, सर्जिकल वॉर्ड, बेड 12. बीपी 90/60, पल्स 118, ड्रेसिंग भिजलंय. दुपारी हर्नियाचं ऑपरेशन झालंय. मला ब्लीडिंग वाटतंय. तुम्ही आत्ता या."

चार भाग तासाभरात पाठ होतात. 'मला वाटतंय' हे वाक्य तोंडातून निघायला मात्र महिने जातात. मोठ्यांसमोर मत मांडायचं नाही, हेच या मुली घरातून शिकून आलेल्या असतात. मी त्या एका वाक्यासाठी अडून बसते.

*

आयटीआय, मेकॅनिक मोटर व्हेइकल. जॉबकार्डवर नुसतं 'आवाज येतो' लिहिलं की कार्ड परत. कधी येतो, कुठून येतो, कसा येतो? फसलेलं सांगतो. पहिल्या वर्षी फळ्यावर नमुना दिला होता: 'ब्रेक मारल्यावर पुढच्या डाव्या चाकातून करकर.' दुसऱ्या दिवशी निम्म्या कार्डांवर पुढचं डावं चाक. आता फळा कोरा ठेवतो आणि आधी गिऱ्हाइकाशी बोलायला पाठवतो.