मदत हवी आहे: नेत्याची भक्ती खरी की दाखवायची, हे ओळखायचं कसं?

नमस्कार मंडळी. वाचनमंडळात मला या विषयावर बोलायचंय आणि मी अडकलोय. आषाढीला पहाटे मुख्यमंत्री पंढरपुरात शासकीय महापूजा करतात, सोबत दर्शनरांगेतून निवडलेलं मानाचं वारकरी जोडपं. त्या जोडप्याचे भरून आलेले डोळे मला कळतात. नेत्याचेही हात जोडलेलेच असतात, पण समोर कॅमेरे. २०१८ साली आंदोलनामुळे देवेंद्र फडणवीसांनी मुंबईत ‘वर्षा’वरच पूजा केली. २०२० मध्ये उद्धव ठाकरे स्वतः गाडी चालवत पंढरपूरला गेले. यातून श्रद्धा कळते की फक्त पदाचा मान पाळलेला दिसतो? दुसऱ्याच्या मनाचा निवाडा करणं मला पटत नाही, तरी मत देताना आपण तो करतोच. मग नेमकं काय पाहावं? वारकरी घरातले कुणी असाल तर जरूर सांगा.