पाच इंची चौकोनांची गोधडी: सगळंच फुलाफुलांचं असेल तर?

ऐरोलीच्या ताई, तयार कापलेल्या पाच इंची चौकोनांच्या तुमच्या पाकिटातले ४२ चौकोन सगळे फुलांचे आहेत, त्यांच्या जोडीला काय घालू असं विचारताय, म्हणून आणखी फुलं नकोत, हे आधी सांगते. तुम्हाला उत्तर देताना कुणीतरी 'रंग जुळवा' म्हटलंय, पण रंगापेक्षा फिकं-गडद बघा. सगळे चौकोन जमिनीवर मांडून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. सगळं एकसारखं करडं दिसलं तर गोधडी लांबून सपाट, मळकट दिसणार, रंग कितीही सुंदर असोत. मग मधे साधे चौकोन घाला: फिका मोतिया किंवा गडद निळा. पांढराशुभ्र मी टाळते, लहान मुलांच्या घरात तो टिकत नाही.

हिशेब बघा. पाव इंच शिवण दोन्हीकडून गेली की पाच इंची चौकोन साडेचार इंचाचा उरतो. सहा बाय सात मांडले तर २७ बाय ३१.५ इंच, म्हणजे बाळापुरतीच. साधे चौकोन तेवढेच घातले की क्षेत्रफळ दुप्पट.

कापलेले चौकोन आधी धुऊ नका, कडा उसवतात. पण ठाण्याच्या जांभळी नाक्यावरच्या बाजारातून साधं कापड आणलंत तर लाल किंवा निळा रंग सुटतो का, ते ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघाच. खणाचा मोह होईल, पण त्यात बरेचदा कृत्रिम धागा असतो. सुतीशेजारी इस्त्रीला त्रास देतो.

आत जाड कापूस कशाला? ठाण्यात-ऐरोलीत थंडी ती केवढी! जुनं सुती लुगडं पुरे.