दोन रुपये जास्त द्या, म्हणजे महाराष्ट्र वाढेल?

हिशेबनीस (धागाकर्ते):
'मॉलमध्ये वाचवलेले दोन रुपये राज्याबाहेर जातात, गल्लीतल्या वाण्याला दिलेले दोन रुपये महाराष्ट्रात राहतात. तेव्हा जास्त द्या, पण स्थानिकालाच द्या', अशा आशयाचा मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. माझ्याकडे तो तीन गटांतून आला, म्हणून हा धागा. राज्याला एक ट्रिलियन डॉलरची अर्थव्यवस्था व्हायचे आहे आणि त्यासाठी धुणीभांडी करून घर चालवणाऱ्या बाईने तूरडाळ महाग घ्यावी, हा उपदेश मला संतापजनक वाटतो. अशा घरात किराण्यात वाचलेले पैसे मुदतठेवीत जात नाहीत; ते शिवणकामवालीकडे, सायकल दुरुस्तीवाल्याकडे, मुलांच्या शिकवणीला जातात आणि ही सगळी माणसे स्थानिकच असतात. शिवाय स्थानिक म्हणायचे तरी कोणाला? डीमार्टचे पहिले दुकान २००२ साली पवईत उघडले, म्हणजे ती महाराष्ट्राचीच कंपनी झाली. उलट गल्लीतल्या दुकानातला साबण आणि चहा कोणत्या राज्यातून येतो, ते पुडा उलटून एकदा वाचावे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून एकत्र खरेदी करून सभासदांच्या गटांना वाणसामान पोहोचवते आहे, तिला कोणी महाराष्ट्रद्रोही म्हटल्याचे ऐकिवात नाही.

वखारभागातला:
वडिलांपासून किराणा दुकान आहे, म्हणून उत्तर देणे भाग आहे. मोठ्या दुकानात तेलाची पिशवी ज्या भावाला मिळते, तो भाव मला वितरकाच्या बिलावरसुद्धा दिसत नाही. सणाच्या तोंडावर मी स्वतः तिकडे जाऊन माल उचलतो आणि 'एका ग्राहकास चारच नग' अशी पाटी असल्यामुळे मुलालाही वेगळ्या रांगेत उभा करतो. दुकानदाराने ग्राहक होऊन माल आणावा आणि पुन्हा ग्राहकाला विकावा, याला तुम्ही स्पर्धा म्हणणार असाल तर म्हणा. ऊसबिल कायद्याने १४ दिवसांत मिळायला हवे. ते जेव्हा लांबते, तेव्हा शेतकऱ्याचे घर कोणाच्या वहीवर चालते, हेही तुमच्या हिशेबात कुठेतरी मांडा. मॉलच्या काउंटरवर 'लिहून ठेवा' म्हणून पाहा.

तिसरी मात्रा:
उधारीचे कौतुक पुरे झाले. २२ सप्टेंबर २०२५ रोजी साबण, शाम्पू आणि बिस्किटे यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तरी आमच्या वाण्याने दिवाळीपर्यंत साबण जुन्याच भावाने दिला आणि विचारले तर 'जुना स्टॉक आहे' म्हणाला. मॉलमध्ये त्याच आठवड्यात किंमत उतरली होती. ज्याला सरकारने दिलेली सूट ग्राहकाला द्यायची नाही, त्याच्यासाठी मी माझ्या खिशातून राज्य का वाढवावे?

वखारभागातला:
न समजता चोर ठरवण्याची ही सवय सोडा. मी जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांच्या सोप्या करपद्धतीत आहे. वार्षिक उलाढाल दीड कोटीच्या आत असलेला व्यापारी त्यात उलाढालीवर १ टक्का कर स्वतः भरतो, तो ग्राहकाकडून घेता येत नाही आणि खरेदीवर भरलेल्या कराचे क्रेडिटही, म्हणजे वजावटही मिळत नाही. शंभर रुपयांचा साबण मी ११८ ला घेऊन फळीवर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी तोच साबण १०५ ला येऊ लागला, तर मधले १३ रुपये कोणी सोसायचे? मोठ्या दुकानाला क्रेडिट होते. आमच्या वितरकाने फरकाची भरपाई मोठ्या गिऱ्हाइकांना केली आणि आम्हाला 'बघू' म्हणून सांगितले, ते अजून बघतोच आहे.

तिसरी मात्रा:
ठीक आहे, १३ रुपयांचे मान्य. दिवाळीपर्यंत एकच साबण फळीवर पडून होता, हे मात्र आपण तेवढ्याच भाबडेपणाने मान्य करायचे का?

कलम_१७१:
दोघेही चुकीच्या माणसाशी भांडता आहात. करकपातीचा लाभ ग्राहकाला द्यावा, असे जीएसटी कायद्याचे कलम १७१ सांगते. पण नफेखोरीच्या नव्या तक्रारी घेण्याची सोय १ एप्रिल २०२५ पासून बंद झाली होती आणि दर उतरले सप्टेंबरमध्ये. तक्रार करायची खिडकी आधी मिटवून मग सवलत जाहीर झाली, म्हणून सगळा राग फळीमागे उभ्या असलेल्या माणसावर निघतो आहे. पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याची किंमत तर सहसा उतरत नाही. फार तर त्यातले ग्रॅम वाढतात आणि ते घरी कोणी मोजत नाही.

खर्चीवाला, इचलकरंजी:
साबण आणि बिस्किटे संपली असतील तर थोडे कापडाविषयी बोलतो. दुकान कोणाचेही चालले तरी राज्य वाढते ते माल तयार झाल्याने, आणि या धाग्यात अजून एकाही कारखान्याचा विषय निघालेला नाही. आम्ही यंत्रमागावर मजुरीने, म्हणजे खर्चीवर विणतो. सूत व्यापाऱ्याचे, कापडही व्यापाऱ्याचे; आमचे फक्त माग, कामगार आणि वीजबिल. मजुरी पिकामागे (कापडातल्या आडव्या धाग्यामागे) पैशांत ठरते आणि वीज युनिटमागे रुपयांत वाढते. बाजार पडला की व्यापारी बिम (ताण्याच्या सुताचा रूळ) देणे थांबवतो. मग कांड्या भरणारी बाई घरी बसते आणि माग भंगारात किलोवर जातो. जीएसटीचे दर दिल्लीत परिषदेत ठरतात, पण वीज शुल्क, यंत्रमागाची वीज सवलत आणि डिझेलवरचा व्हॅट हे मुंबईच्या हातात आहे. राज्याच्या अर्थव्यवस्थेवर चर्चा आणि राज्याच्या हातातल्या गोष्टींवर अवाक्षर नाही, हे मला विचित्र वाटते.

हिशेबनीस:
आपली वीज स्वस्त करायची तर ती कोणावर महाग करायची, तेही सांगून टाका. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४ पासून मोफत वीज आहे. आता यंत्रमागाला आणखी सवलत दिली तर तिचा भार घरगुती ग्राहकावर किंवा करदात्यावर येणार, म्हणजे पुन्हा तीच धुणीभांडीवाली. प्रत्येकाचा स्थानिक उद्योग दुसऱ्याच्या खिशातून वाढतो, असे दिसते.

खर्चीवाला, इचलकरंजी:
तुमची स्वस्ताईही दुसऱ्याच्या खिशातूनच येते. त्या बाईला दोनशे रुपयांत साडी मिळते तेव्हा फरक आमच्या मजुरीतून गेलेला असतो. शेतीच्या मोफत विजेला मी हात लावलेला नाही, तो विषय तुम्ही काढलात. मला फुकट काहीही नको. पुढची पाच वर्षे दर काय राहील, एवढे कोणी लिहून दिले तर नवे माग बसवण्यासाठी बँकेच्या दारात उभे राहता येईल.

हिशेबनीस:
स्थिर दराची मागणी रास्त आहे, एवढे नाइलाजाने लिहितो. किराण्यापुरते माझे म्हणणे कायम आहे: ग्राहक एकत्र येऊन खरेदी करू शकतात, तर दुकानदारांना कोणी अडवले आहे? भावनिक आवाहनांऐवजी वखारभागातल्या पंधरा जणांनी मिळून कंपनीकडे ऑर्डर टाकावी.

वखारभागातला:
टाकून पाहिली आहे. बिल एकाच्याच नावावर फाटते; त्याने तो माल इतरांना बिल करून दिला की ती सगळी त्याची उलाढाल धरली जाते आणि दीड कोटी ओलांडले की तो कंपोझिशनमधून बाहेर पडतो. स्वतंत्र संस्था काढावी तर गोदामाचे भाडे आणि लेखापरीक्षकाची फी मिळून उरलेली सूट संपते, आणि उधारीवर माल कोणी उचलायचा यावर बैठक मोडते ती वेगळीच. तुमच्या ग्राहक पंचायतीत पैसे आधी जमा होतात, मग खरेदी होते. माझे गिऱ्हाईक ऊसबिलाच्या आधी पैसे कुठून आणणार, याचे उत्तर तुमच्याकडे असेल तर सांगा. टोमणा मारत नाही, खरोखर विचारतो आहे.