शब्दचर्चा: ‘अंगात आलं’ की ‘अंगात आणलं’?

बोरीकाठची:
मंडळी, एका वाक्याशी अडले आहे. आमच्या अमळनेरच्या वाचनगटासाठी एका लेखाचं भाषांतर करते आहे. हुकूमशहांचे देव्हारे कसे माजवले जातात, आणि ज्याचा देव्हारा त्याला स्वतःला ते खरं वाटतं का, असा विषय. ‘पर्सनॅलिटी कल्ट’साठी आधी ‘व्यक्तिपूजा’ लिहिलं, मग खोडून ‘व्यक्तिस्तोम’ केलं. तिथवर ठीक. पुढे असं आहे की काही सत्ताधीशांना स्वतःचाच प्रचार खरा वाटू लागतो. मी लिहिलं, “शेवटी शेवटी त्याच्या अंगातच आलं.” गटातल्या एकांनी ते कापून “तो आत्मभ्रमाच्या आहारी गेला” असं केलं. म्हणाले, अंगात येणं म्हणजे सोंग, त्यामुळे अर्थ उलटा होतो. मी लहानपणापासून ऐकलं ते वेगळंच. सोंग असलं तर ‘अंगात आणलं’, खरं असलं तर ‘अंगात आलं’. तुमच्याकडे कसं म्हणतात?

पांझराकाठ:
ताई, तुमच्या सहकाऱ्यांचा बदल मला योग्य वाटतो, पण कारण वेगळं. ‘अंगात येणे’ हा देवादिकांच्या संदर्भातला शब्द. राजकीय लेखनात तो आणला की वाचकाच्या मनात घुमणारा भगत उभा राहतो आणि विषय बाजूला पडतो. दुसरं, ‘व्यक्तिस्तोम’ नको. ‘स्तोम’ हा ‘स्तु’ धातूपासूनचा वैदिक शब्द. स्तोम म्हणजे स्तोत्र. अग्निष्टोमातला ‘ष्टोम’ तोच. मुळात पवित्र असलेला शब्द आपण शिवीसारखा वापरतो याचं वाईट वाटतं. ‘विभूतिपूजा’ हा शब्द तयार आहे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी बजावलं होतं की धर्मातली भक्ती मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडेच नेते. ते मराठीत सांगताना आपण विभूतिपूजाच म्हणतो.

गिरणामाई:
सर, तुमचा मान ठेवून सांगते, आज ‘स्तोम’ ऐकून कुणालाही स्तोत्र आठवत नाही. माझी सासू सोवळ्याओवळ्याबद्दल म्हणायची, “एवढं स्तोम नका माजवू.” शब्दाचा अर्थ तिथे राहतो, धातूत नाही. आणि मुळात स्तुतीच असेल तर ‘व्यक्तिस्तोम’ आणखीच चपखल. माणसाची स्तोत्रं रचणं, हेच तर झालं होतं! ‘विभूतिपूजा’त मला अडचण वाटते. विभूती म्हटलं की तो माणूस मोठा होता हे आपण आधीच कबूल करून बसतो.

पांझराकाठ:
मग उद्या ‘पर्सनॅलिटी कल्ट’च लिहा. ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ हे शब्द सावरकरांनी घडवले तेव्हा तेही कुणाच्या कानात बसलेले नव्हते. आज आपण ते सहज वापरतो. शब्द घडवला तर बसतो. ज्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांनी अखेरचा श्वास घेतला तिथे राहून मी एवढा आग्रह धरणारच.

रावेर केळी:
मी शेतकरी माणूस, पण एक सांगू का? कल्ट, कल्चर आणि अ‍ॅग्रिकल्चर हे तिन्ही एकाच लॅटिन धातूचे. अर्थ नांगरणं, मशागत करणं, निगा राखणं, आणि त्यावरूनच पूजणं. आमच्याकडे ‘टिश्यूकल्चर’ हा शब्द शाळेत न गेलेला माणूसही दिवसातून दहा वेळा बोलतो. आधी आम्ही कंद लावायचो, तेव्हा बागेत एक झाड दुसऱ्यासारखं नसायचं. आता प्रयोगशाळेतली रोपं लावतो, सगळी एका उंचीची, घडही जवळजवळ एकाच वेळी निसवतात. म्हणून माझ्या मते ‘कल्ट’ म्हणजे लागवड. पूजा आपोआप होते असं वाटतं, लागवड मात्र कुणीतरी करावी लागते. रोप कुणाचं, पाणी कुणाचं, खताचा पैसा कुणाचा, हे विचारता येतं. ‘व्यक्तीची लागवड’ हा शब्द तुमच्या लेखात बसेल का, पाहा.

साक्रीचे नाना:
केळीवाले भाऊ, बरं आठवलं. मी तलाठी म्हणून नोकरी केली. पूर्वीची आणेवारी, नंतरची पैसेवारी, म्हणजे नेहमीच्या पिकाच्या मानाने यंदा रुपयात किती पैसे पीक आलं तो अंदाज. ५० पैशांच्या खाली आली तर गाव टंचाईत जायचं. आम्ही शेतात जाऊन नजरेने अंदाज घ्यायचो, पीक कापून वजन करायचो आणि आकडा वर पाठवायचो. पण वरून आधीच इशारा यायचा, यंदा वर काय हवं आहे. एका साली ज्वारीची कणसं माझ्या हातात होती, निम्म्यात दाणाच नव्हता, आणि कागदावर मी काय लिहिलं ते मला अजून टोचतं. चार महिन्यांनी एक साहेब गावात आले आणि तोच आकडा आम्हालाच मोठ्या विश्वासाने वाचून दाखवू लागले. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं.

नंतर चीनबद्दल वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. १९५८ च्या ऑगस्टमध्ये माओ हपै प्रांतातल्या शूश्वेईला गेले. तिथल्या लोकांनी अफाट पिकाचे आकडे सांगितले. माओंनी विचारलं, एवढ्या धान्याचं करणार काय? दिवसातून पाच वेळा जेवा, असंही म्हणाले. पुढची तीन वर्षं दुष्काळ. मेलेल्यांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. १९५९ मध्ये लूशानच्या बैठकीच्या वेळी संरक्षणमंत्री फंग देहुआय यांनी पत्र लिहून चुका दाखवल्या, तर त्यांचंच पद गेलं. ताई, तुमच्या वाक्यात ‘प्रचार खरा वाटला’ एवढं पुरत नाही. वर बसलेल्याच्या कानापर्यंत दुसरं काही पोचूच दिलं नाही, हे यायला हवं. त्याला आमच्याकडे एक शब्द नाही, असता तर मला नोकरीत उपयोगी पडला असता.

पांझराकाठ:
नाना, हे वाचून थांबलो. तरीही अंगात येण्याशी याचा संबंध नाही. हा माहितीचा प्रश्न आहे, श्रद्धेचा नाही. श्रद्धेचं उदाहरण म्हणजे रोमानियाचे चाउशेस्कू. ‘कार्पेथियन पर्वताचा प्रतिभावंत’ अशी पदवी लावून घेणारा माणूस. २१ डिसेंबर १९८९ ला बुखारेस्टमध्ये सज्जातून भाषण चालू असताना गर्दीतून आरडाओरडा सुरू झाला. त्या चित्रफितीत त्यांचा हात वर जातो आणि तसाच राहतो. मग ध्वनिक्षेपकात “आलो, आलो” (म्हणजे आपलं ‘हॅलो, हॅलो’) म्हणत राहतात, जणू फोनची लाइन तुटली आहे. चार दिवसांनी त्यांना गोळ्या घातल्या. त्या चेहऱ्यावर सोंग नाही. त्या माणसाला खरंच कळत नव्हतं.

गिरणामाई:
आणि स्टालिन? २५ फेब्रुवारी १९५६ ला, स्टालिननंतरचे सोव्हिएत नेते ख्रुश्चॉव्ह यांनी बंद दाराआड जे भाषण केलं त्यात सांगितलं की स्टालिन यांनी स्वतःच्या अधिकृत चरित्राच्या हस्तलिखितात आपल्या हाताने स्तुती वाढवली. त्यांच्यात अहंकाराचा वा आत्मप्रौढीचा लवलेशही नव्हता, हे वाक्यसुद्धा त्यांनीच घातलं! आता हे येणं की आणणं? तुर्कमेनिस्तानच्या नियाझोव्ह यांनी २००२ मध्ये जानेवारी महिन्याला स्वतःची पदवी आणि एप्रिलला आईचं नाव दिलं, त्याआधीच स्वतःचा सोन्याचा मुलामा दिलेला पुतळा सूर्याबरोबर फिरेल असा उभारला होता. आणि मुलाखतीत म्हणाले, मला हे नको आहे, लोकांना हवं आहे. शब्दांशी खेळणारे आपण सगळे, एप्रिलच्या जागी कुणाच्या आईचं नाव रोज लिहावं लागलं असतं तर कसं वाटलं असतं?

बोरीकाठची:
तुमचं सगळं वाचून मला आजी आठवली. आमच्या घरी कानबाई, म्हणजे आपली खानदेशची देवी, बसते, नागपंचमीनंतरच्या रविवारी. रात्री आरतीला हलगी वाढली की आजीच्या अंगात वारं यायचं. सगळे तिच्या पाया पडायचे, माझे वडीलसुद्धा, तिचा पोटचा मुलगा. मी शेजारी उभी असायची, कारण वारं येण्याआधी आजी चष्मा काढून माझ्या हातात द्यायची. दरवर्षी. काडी मिटून, काच आत करून, नीट द्यायची. दोन-तीन मिनिटांनी केस सुटायचे. आजी सोंग करत होती असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही. सकाळी तिला खरंच काही आठवायचं नाही, अंग दुखायचं, दोन दिवस जेवण जायचं नाही. पण चष्मा वाचवायचा आहे, हे तिला ठाऊक होतं.

स्टालिननी ते वाक्य घातलं, हे वाचलं आणि मला तो चष्माच दिसला. आलं आणि आणलं यांच्या मधलं काहीतरी आहे, आणि त्यालाच शब्द हवा आहे. ‘आत्मभ्रम’ लिहिला की ते मधलं सगळं पुसलं जातं. म्हणून मी तो शब्द ठेवणार नाही, सर. राग मानू नका.

पांझराकाठ:
राग नाही. एक विचारतो. चष्मा दरवर्षी तुमच्याच हातात द्यायच्या? तुम्ही नसताना?

बोरीकाठची:
एका वर्षी मी पुण्याला होते. आईला विचारलं तर म्हणाली, काढून देवळीत ठेवला होता.

रावेर केळी:
ताई, ‘वारं’ म्हणजे वारा की वार? आमच्याकडे एक म्हातारा सांगायचा की देवीच्या वाराला येतं म्हणून वारं.

साक्रीचे नाना:
वाराच. झाड कसं हलतं तसं अंग हलतं. आमच्या अहिराणीत “आंगमा वारं वनं” म्हणतात.

गिरणामाई:
नाना, आमच्या घरात “वारं उनं”. ‘वनं’ मी कधी ऐकलं नाही.

रावेर केळी:
आमची लेवाबोली, अहिराणी नाही. आमच्याकडे दोन्ही चालत नाही.

साक्रीचे नाना:
उनं म्हणजे ऊन तापलं असं वाटतं हो. आमच्या साक्रीत वनंच. उद्या बहिणीला फोन करून विचारतो, ती शिरपूरला दिली आहे.