टीएनएफ-अल्फा रोखणारे इंजेक्शन आणि क्षयरोगाची तपासणी : संबंध समजून घ्यायचा आहे

केतकी_व : माझ्या आईला गेली काही वर्षे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. मेथोट्रेक्सेट हे त्यावरचे औषध नियमित घेऊनही तिची मनगटे आणि बोटांची पेरे सकाळी बराच वेळ आखडलेली राहतात. पोळ्या लाटणे सोडाच, कुकरचे झाकण लावणेही तिला जमेनासे झाले आहे. त्यामुळे डॉक्टरांनी अडालिमुमॅब हे दर पंधरा दिवसांनी त्वचेखाली टोचायचे इंजेक्शन सुचवले. ते सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि इग्रा ही टीबीचा संसर्ग ओळखणारी रक्ततपासणी करून घेतली. एक्स-रे स्वच्छ आहे, पण इग्रा पॉझिटिव्ह आल्याने इंजेक्शन लांबणीवर टाकून आयसोनियाझिड या टीबीवरच्या औषधाच्या गोळ्या सुरू केल्या आहेत. आईला ताप नाही, खोकला नाही, वजनही घटलेले नाही. माझ्या आजोबांना टीबी झाला होता तेव्हा त्यांची शुश्रूषा तिने केली होती, पण त्या गोष्टीला तीस वर्षे होऊन गेली.

हे इंजेक्शन टीएनएफ-अल्फा नावाचे सायटोकाइन (पेशींमध्ये संदेश पोचवणारे प्रथिन) अडवते, एवढेच मला समजले आहे. ते सांधे बिघडवत असेल, तर शरीर ते मुळात तयार कशासाठी करते, आणि ते अडवले की इतक्या जुन्या संसर्गाची भीती का वाटावी? शिवाय 'ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर' हे त्याचे पूर्ण नाव वाचल्यापासून आईने कर्करोगाची धास्ती घेतली आहे. उपचार डॉक्टरच ठरवतील आणि ते योग्यच आहे. मला फक्त यामागचे कार्यकारण तिला नीट समजावून सांगायचे आहे. जाणकारांनी मदत करावी.

पेशीवाचक : आपला प्रश्न रास्त आहे. टीएनएफ प्रामुख्याने मॅक्रोफेज या भक्षक पेशी तयार करतात. जिवाणूंच्या आवरणातला एखादा घटक जाणवला की ते आधी पेशीच्या पृष्ठभागावर येते, मग एक विकर (एन्झाइम) त्याचा बाहेरचा भाग कापून मोकळा करते आणि असे तीन रेणू एकत्र राहून काम करतात. त्याचे दोन रिसेप्टर, म्हणजे त्याचा संदेश पकडणारी पेशींवरची प्रथिने, आहेत. पहिला शरीरातल्या जवळपास सर्व पेशींवर असतो, दुसरा मुख्यतः प्रतिकारपेशींवर आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर. संदेश पोचताच अस्तर चिकट आणि सच्छिद्र होते, पांढऱ्या पेशी रक्तातून बाहेर पडून जखमेच्या जागी जमतात, ताप चढतो, भूक मंदावते. हे सारे एका बोटापुरते घडले तर संसर्ग आटोक्यात येतो. तेच रेणू भरमसाट प्रमाणात सगळ्या रक्तात पसरले तर रक्तदाब कोसळतो. जंतुदोषाच्या शॉकमध्ये टीएनएफचा मोठा वाटा असतो.

आता क्षयरोगाकडे येऊ. हा जिवाणू मॅक्रोफेजच्या पोटात शिरूनही जिवंत राहू शकतो. शरीराला तो अनेकदा संपवता येत नाही, म्हणून ते त्याच्याभोवती पेशींचे कडे उभारते. या कड्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. ते भिंतीसारखे एकदा बांधून सोडून देता येत नाही. त्यातल्या पेशी मरतात, नव्या येतात, आणि नव्यांना तिथे बोलावून जागे ठेवण्याचे काम मुख्यतः टीएनएफ करते. टीएनएफ निकामी केलेले किंवा त्याचा पहिला रिसेप्टर नसलेले उंदीर क्षयरोगाच्या संसर्गाने लवकर मरतात, हे 1995 साली दाखवले गेले. माणसांतला पुरावा 2001 मध्ये आला. इन्फ्लिक्सिमॅब हे याच गटातले औषध घेतल्यावर क्षयरोग झालेल्या 70 रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांपैकी 48 जणांना तो तीन किंवा त्याहून कमी मात्रांनंतर झाला होता आणि निम्म्याहून अधिक जणांत फुप्फुसाबाहेर पसरलेला होता. एवढ्या लवकर उद्भवणारा आजार बहुधा नवा नसून आत दबून असलेला जागा झालेला असतो. आपल्या आईचा स्वच्छ एक्स-रे आणि पॉझिटिव्ह इग्रा यांत म्हणूनच विसंगती नाही. बीसीजी लशीमुळे मांटू या त्वचेवरच्या टीबी चाचणीचा निष्कर्ष फसू शकतो, तसा इग्राचा फसत नाही, कारण तिच्यात वापरलेली प्रथिने त्या लशीच्या जिवाणूत नसतात.

सांध्यात मात्र हाच रेणू कोणताही जंतू नसताना सतत स्रवत राहतो. त्याच्या प्रभावाने सांध्याच्या अस्तरातल्या पेशी कूर्चा विरघळवणारी विकरे सोडतात आणि हाड कुरतडणाऱ्या पेशी वाढतात. एक सायटोकाइन अडवून काय होणार, बाकीची आहेतच, असे पूर्वी अनेकांना वाटे. लंडनमध्ये रविंदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांनी 1992 साली रुग्णांवर पहिली चाचणी घेतली, तेव्हा टीएनएफ अडवल्यावर इतर सायटोकाइनही ओसरतात हे दिसले. माझ्या मते या विषयातले सर्वांत धाडसी पाऊल तेच.

कर्करोगाविषयी थोडक्यात : 1975 मध्ये उंदरांच्या गाठी मारणारा घटक म्हणून हा रेणू वर्णिला गेला. माणसाला तो शिरेतून देण्याचे प्रयत्न विषारी परिणामांमुळे फसले, आणि पुढे काही गाठी उलट टीएनएफचा स्वतःच्या वाढीसाठी उपयोग करतात असेही आढळले. ते अडवले की गाठी फोफावतील, हे गणित इतके सरळ नाही. लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कर्करोग) आणि त्वचेचा कर्करोग यांबाबत सावधगिरीची सूचना औषधाच्या माहितीपत्रकात असते. आईला पूर्वी असे काही झाले असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे.

केतकी_व : मनापासून आभार. आता चित्र बरेच स्पष्ट झाले. एक शंका उरते. आयसोनियाझिडचा कोर्स महिनोन्‌महिने चालणार, मग तोवर सांध्यांची झीज चालूच राहणार का? आणि एटानरसेप्ट या टीएनएफ अडवणाऱ्याच दुसऱ्या औषधात टीबीचा धोका कमी असतो असे कुठेतरी वाचले, ते खरे आहे का?

संधिप्रकाश : मी याच क्षेत्रात काम करतो, तरी पुढील मजकूर सर्वसाधारण माहिती म्हणूनच वाचावा. कोर्स पूर्ण होईपर्यंत थांबावे लागत नाही. साधारणपणे किमान एक महिना गोळ्या झाल्यावर इंजेक्शन सुरू करतात आणि गोळ्या पुढे चालू ठेवतात. मेथोट्रेक्सेट आणि आयसोनियाझिड दोन्हींचा भार यकृतावर पडतो, त्यामुळे एसजीपीटी ही यकृताची रक्ततपासणी चुकवू नये. भूक अचानक गेली, उलट्या झाल्या किंवा लघवी गडद झाली तर पुढच्या भेटीची वाट न पाहता कळवावे.

एटानरसेप्टविषयी आपण वाचलेले खरे आहे. अडालिमुमॅब आणि इन्फ्लिक्सिमॅब हे प्रतिपिंड (अँटिबॉडी) आहेत, तर एटानरसेप्ट म्हणजे टीएनएफला पकडणारा मोकळा रिसेप्टर. पेशीच्या पृष्ठभागावरच्या टीएनएफला प्रतिपिंड अधिक घट्ट धरतात, आणि ग्रॅन्युलोमाला नेमके तेच जास्त बाधत असावे असे मानले जाते. क्रोन्स या आतड्याच्या आजारात प्रतिपिंड गुण देतात, एटानरसेप्ट देत नाही. आईच्या आजारात मात्र दोन्ही उपयोगी पडतात. त्यामुळे हा पर्याय डॉक्टरांकडे जरूर काढावा. मात्र प्रतिबंधक गोळ्या एटानरसेप्ट घेतानाही टळत नाहीत, आणि इंजेक्शन सुरू झाल्यावर ताप रेंगाळला, मानेत गाठ आली किंवा वजन उतरू लागले, तर पुढचा डोस टोचण्याआधी डॉक्टरांना फोन करावा.